कूलर बंद करून ऐकायचे

उबदार, म्हणे.
व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरबद्दल सगळे जाणकार हाच शब्द वापरतात.
सेहेचाळीस अंशांच्या गावात
उबदार आवाज पैसे देऊन कोणी घ्यावा?

खोब्रागडे हसले नाहीत.
दोन्ही यंत्रे त्यांनी स्कूटरवर आणली होती,
दोन खेपांत, गोकुळपेठेतून खामल्यापर्यंत,
दोन पायांमध्ये, ओल्या पोत्यात गुंडाळून.
"पहिले कूलर बंद करा जी," म्हणाले,
"कूलर चालू असला की लाखाचा आन् हजाराचा, सारखाच."

मी बटण दाबले.
वाळ्याच्या ताट्यांतून थोडा वेळ थेंब पडत राहिले,
मग तेही थांबले, आणि खोली
भट्टीतून काढलेल्या विटेसारखी समोर बसली.

आधी काचेचा.
चार नळ्या, प्रत्येकीच्या पोटात नारिंगी काडी.
सारंगी तुपावर परतल्यासारखी,
डग्ग्यात पुरण भरलेले,
गाणारी जणू आत्ताच जेवून, पान लावून बसलेली.
कुठे टोक नाही, कुठे ओरखडा नाही.
खोब्रागड्यांचे डोळे मिटलेले. माझेही, जवळजवळ.

मग दुसरा. काळा, जड, बिनचेहऱ्याचा.
घासून उपडे घातलेले स्टीलचे ताट.
डग्गा डग्ग्याच्या जागी,
शाईवरचा तळहात निराळा, काठावरचे बोट निराळे.
"हा स्वतःचं काही बोलत नाही," खोब्रागडे म्हणाले.
"काही लोकाईले हाच याचा दोष वाटते."

एकतीस वर्षे मी कॉलेजच्या रसायनशाळेत
ब्युरेट धुतली, मुलांचे निकाल तपासले.
ज्या एका थेंबाने रंग पालटतो
त्याची वाट पाहणे एवढेच मला नीट येते.
इथे तो थेंब पडेना.
शेवटी दोघांतही कोराडीचाच कोळसा गातो.

तेव्हा ती कॅसेट आठवली.
त्र्याऐंशी साल. विद्यापीठाच्या स्पर्धेची तयारी,
मुलतानी, माझ्याच गळ्यातला, एकविसाव्या वर्षीचा.
काचेच्या यंत्राने मला फारच जपले:
चढलेला कोमल गंधार खाली आणून बसवला,
अध्येमध्ये घेतलेला श्वास पदराआड केला.
ऐकता ऐकता वाटले, गाणे सोडायला नको होते.

काळ्याने काही लपवले नाही.
गंधार चढलेलाच. श्वास चुकलेला.
आणि मागे, सुरुवातीपासून, एक घरघर,
जी मघा तंबोऱ्यात विरघळून गेली होती.
मग माझाच आवाज, गाण्याबाहेरचा, चिडका:
"पद्या, कूलर बंद कर ना बे, सूर लागत नाही."
खट्.
पात्यांचा वेग उतरताना. तळाशी थेंब. थेंब.
चटईवर कोणीतरी परत येऊन बसले.

पुढे सोळा मिनिटे मी गाते.
आणि सोळा मिनिटे तो तिथे आहे:
खुर्चीवरून न हलणारी बनियन,
नाकातून हळू, मोजून सोडलेला श्वास,
एकदा घाम पुसल्याची चाहूल, लगेच थांबलेली.
बारावीतला मुलगा, मे महिन्याची दुपार,
बंद दारे, हातात टेपरेकॉर्डर,
माझ्या चढलेल्या गंधारासाठी शिजत बसलेला.

स्पर्धेत मला काहीच मिळाले नव्हते.
त्याला मी आभाराचे काही म्हटले का, आठवत नाही.
आता तो भिलाईला असतो,
दिवाळीला फोन करतो, बीपीच्या गोळ्यांचे सांगतो.

कॅसेट संपली. खोब्रागड्यांनी
रुमाल काढला, मान पुसली, चष्माही पुसला.
"मंग? कोन्ता ठेवता?"
मी बोट दाखवले.
"हा तर कोरडा आहे म्हन्ता ना तुम्ही."
"कोरडाच आहे," म्हटले.

ते उठून कूलरच्या बटणाकडे गेले.
जरा थांबा, मी म्हणाले.
आणखी एकदा लावा.